एकीची आत्या, बाकीच्यांची मावशी

बसस्थानकात चौकशीच्या खिडकीला लागून एक अरुंद खोली आहे. पूर्वी तिथे प्रवाशांचं विसरलेलं सामान ठेवायचे. छत्र्या, जेवणाचे डबे, जोडीतली एकेक चप्पल, आणि एकदा तर कुणाची तरी कवळी. पुढे एका संस्थेने ती खोली मागून घेतली, भिंतींना निळा रंग दिला आणि दारावर पाटी लावली: 'सुरक्षित स्थलांतर माहिती केंद्र'. पाटीवरचे शब्द इतके जड होते की लोक आत डोकावून मुतारी कुठे आहे ते विचारत. आतली बाई न चिडता हाताने दिशा दाखवायची आणि परत आपल्या कामाला लागायची.

या बाईला सगळे मावशी म्हणत. कंडक्टर म्हणत, हमाल म्हणत, झाडूवाल्या म्हणत. शेजारच्या चौकीतला हवालदार तिच्याहून चांगला मोठा, तोही मावशीच म्हणायचा. एकदा तिने त्याला अडवलं. "अहो, मी तुमची मावशी म्हणजे तुमच्या आईची बहीण झाले. जरा आरशात बघा, मग म्हणा." हवालदाराने टोपी काढून टक्कल पुसलं आणि म्हणाला, "मावशीला वय नसतं."

तरुणपणी ती स्वतः तिकडे जाऊन आली होती. तिकडे म्हणजे परदेशात, पण या शहरात परदेश कुणी म्हणतच नाही, नुसतं 'तिकडे' म्हणतात आणि हात कुठल्याही बाजूला करतात. लग्न मोडलं, माहेरी भार नको म्हणून ती एका मोठ्या घरी कामाला गेली. विमानतळावर मालकाच्या ड्रायव्हरने पासपोर्ट मागितला, आणि पाहुण्याला पाण्याचा पेला द्यावा तसा तिने तो दिला. पुढे कित्येक वर्षं तो मालकिणीच्या कपाटात होता. कुठे आहे हे तिला ठाऊक होतं, कारण ते कपाट रोज तीच पुसायची. किल्ली मालकिणीच्या गळ्यात. शेवटी मालकीण मेली, मुलांनी कपाट उघडलं, दागिन्यांखाली हा पासपोर्ट निघाला, आणि याचं काय करायचं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी तो तिला देऊन टाकला. ती परत आली तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. मालकिणीने एकदा शिकवण म्हणून तापलेली इस्त्री त्यांच्यावर ठेवली होती.

भावाने तिला घरात घेतलं. त्याने एका शब्दाने काही विचारलं नाही. वहिनीने विचारलं, पण ती विचारता विचारता स्वतःच रडायला लागली, त्यामुळे ते मनाला लागलं नाही. भावाची पोर तेव्हा भिंत धरून चालत होती. ती बोलायला लागली आणि हिला जगात पहिल्यांदा कुणीतरी आत्या म्हणालं. भाऊ वीजमंडळात होता, एका पावसाळ्यात खांबावरून पडला आणि गेला. मग या दोघी बायकांनी ती पोर वाढवली. वहिनी शिवणकाम करायची, आत्या बसस्थानकातल्या नोकरीवर जायची, आणि पोर दोघींना एकमेकींच्या विरुद्ध वापरून हवं ते पदरात पाडून घ्यायची. त्या घरातले ते सुखाचे दिवस होते, आणि ते सुखाचे आहेत हे दोघींना तेव्हाच कळत होतं.

मावशीची नोकरी अशी. तिकडे कामाला निघालेल्या प्रत्येक बाईने तिचा वर्ग केल्याशिवाय कागदांवर शिक्का मिळत नसे. शनिवारी वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. मावशी पहिल्यांदा आपला उजवा हात वर करायची आणि ती दोन बोटं दाखवायची. पोरी गप्प झाल्या की ती शिकवायला लागायची. पासपोर्ट मागितला तर काय म्हणायचं? "झेरॉक्स देते," पोरी एका सुरात म्हणायच्या. करार वाचता येत नसेल तर? "सही करणार नाही." स्वतःचा फोन नंबर ती त्यांच्याकडून पाढ्यासारखा घोकून घ्यायची. झोपेतून उठवून विचारलं तरी आला पाहिजे, अशी तिची ताकीद होती. खाली फलाटावरच्या हमालांनाही तो नंबर पाठ झाला होता, आणि ते ओझी उचलताना तो म्हणायचे.

पण वर्गातली खरी गोष्ट शेवटी यायची. ती मावशीने स्वतःच्या डोक्यातून काढली होती. तिकडे पोर फोन करते तेव्हा शेजारी कुणीतरी उभं असतं. रडायची सोय नाही, तक्रार करायची सोय नाही. म्हणून मावशी सांगायची, "फोन करून मला मावशी म्हणालीस की मी समजेन, बरं चाललंय. आणि काही वाईट असेल तर बाकी सगळं हसत बोल, फक्त मला आत्या म्हण. मालकाला काय कळतंय आत्या कोण नि मावशी कोण. मी पुढचं बघते."

ही खूण एकदा खरोखर कामाला आली. एका पोरीचा फोन आला, "आत्या, तब्येत कशी तुझी?" मावशीने हसत हसत तब्येत सांगितली, फोन ठेवला आणि तशीच संस्थेच्या मॅडमकडे गेली. मॅडमनी वकिलातीला हलवलं, तिथले पोलीस त्या घरी गेले, आणि ती पोर याच बसस्थानकात उतरली. आता बाहेर फाटकाशी तिची भाजीची गाडी आहे. त्या दिवशी मावशीचा फोटो निघाला. मॅडम प्रत्येक सभेत ही गोष्ट सांगायच्या, मग त्यांनी दुसऱ्या गावांतल्या केंद्रांतही ही खूण शिकवायला सुरुवात केली. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना वाटलं, चांगली गोष्ट आहे तर सगळ्यांना कळू दे. सगळ्यांना कळलीच.

त्यानंतर कुणीही आत्या म्हणालं नाही. फोन येत राहिले. "मावशी, मी मजेत आहे." "मावशी, घर चांगलं आहे." मावशीला वाटलं, आपलं शिकवणं लागू पडलं, पोरी शहाण्या झाल्या, आता फसत नाहीत. वाईट बातमी नसली की माणूस किती लवकर सुखावतो, आणि मावशीसारखं पोळलेलं माणूससुद्धा सुखावतं, याचा राग येतो. पण तिला दोष तरी काय द्यायचा? तिच्या आयुष्यात कौतुकाचे प्रसंग मोजकेच होते. ती ते फोन स्पीकरवर लावायची आणि खोलीत जो कोणी असेल त्याला ऐकवायची.

वर्गात मागच्या बाकावर नेहमी एक बाई असायची. पोरी तिला ताई म्हणत. या धंद्यात सगळी नातीच असतात. ताई वस्त्यावस्त्यांतून पोरी गोळा करून मोठ्या एजन्सीकडे पोहोचवायची, आणि आपल्या पोरींना स्वतः वर्गाला घेऊन यायची. बिस्किटांचा पुडा आणायची, सगळ्यांना वाटायची. तिची स्वतःची मुलगी तिकडेच कामाला होती, त्यामुळे तिच्यावर विश्वास बसायचा. मावशीने तिला कधी बाहेर काढलं नाही. दलालांनाही कळू दे की इथे कुणीतरी डोळ्यात तेल घालून बसलंय, असा तिचा हिशेब होता. उलट ताई लक्ष देऊन ऐकायची याचं तिला बरं वाटायचं. "मावशी, ते शेवटचं परत एकदा सांगा ना," ताई म्हणायची, "पोरींच्या लक्षात नाही आलं." आणि मावशी परत सांगायची.

भाची मोठी झाली. म्हाताऱ्या, आजारी माणसांची सेवा कशी करायची याचा तिने कोर्स केला आणि शहरात काम शोधलं. दवाखान्यांना माणसं हवी होती, पण कायमची नको होती. कुठेही गेली की काही महिन्यांनी घरी. वहिनीची नजर अधू होत चालली होती, सुईत दोरा ओवायलाही आता दुसरं कुणी लागायचं. एक दिवस भाचीने जेवताना सांगून टाकलं, "मी तिकडे जाते. ताई म्हणतात, एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायचं काम आहे."

आत्याने हातातला घास परत ताटात ठेवला. "नाही जायचं."

"का?"

"नाही म्हटलं ना."

"सगळ्या शहराच्या पोरींना तू सांगतेस, नीट जा, घाबरू नका," भाची म्हणाली. "मला मात्र जाऊच नको. मग त्यांना काय सांगतेस ते खरं नाही का?"

खरं नाही म्हणावं तर आयुष्यभर केलेल्या कामावर पाणी. खरं आहे म्हणावं तर पोर चालली. आत्या ताटावरून उठली. पुढचे काही दिवस तिने त्या कागदांचा पिच्छा पुरवला. करार दोनदा वाचला, मॅडमकडून वाचून घेतला, घराचा पत्ता शोधला, म्हातारीच्या मुलाशी स्वतः फोनवर बोलली. कुठेही खोट सापडेना. खोट सापडली असती तर तिचा जीव भांड्यात पडला असता. शेवटी शिक्का तिनेच मारला.

भाचीनेही वर्ग केला, नियमाने. घरी आल्यावर भांडी घासता घासता ती हसायला लागली. "आत्या, मी काय करू गं? मी तर तुला जन्मापासून आत्याच म्हणते. पहिल्याच फोनला पोलीस येतील माझ्या दारात."

आत्यालाही हसू फुटलं. "तू उलट कर. आत्या म्हणालीस की बरं. मावशी म्हणालीस की..." पुढचं तिने पाणी ओतण्याच्या आवाजात जाऊ दिलं. मग म्हणाली, "हे कुणाला सांगू नकोस. आईलाही नको, ती उगाच धास्ती घेईल."

भाची गेली. सुरुवातीचे फोन चांगले होते. "आत्या, इथे खिडकीतून नुसत्या इमारती दिसतात." "आत्या, म्हातारी मला जवळ बसवून टीव्ही बघते." वहिनी फोन कानाला इतका घट्ट लावायची की कान लाल व्हायचा. मग फोन कमी झाले. एक महिना असाच कोरडा गेला. आत्या स्वतःची समजूत घालायची की काम असेल, कार्ड संपलं असेल. वर्गातल्या पोरींच्या आयांची ती अशीच समजूत घालायची.

फोन आला तो दुपारी, निळ्या खोलीत. बाहेर गाडी लागत होती, कंडक्टर गावांची नावं ओरडत होता.

"आ..." भाचीचा आवाज आला आणि तुटला. मागे कुणीतरी बाई काहीतरी बोलली. मग भाची म्हणाली, "मावशी, मी मजेत आहे."

मावशीने वर्गात शिकवलं होतं ते केलं, आवाज हलू दिला नाही. "छान गं बाळा. जेवलीस का?"

"जेवले, मावशी."

"म्हातारी बरी आहे ना?"

"मी आता दुसरीकडे आहे. इथे खूप मुली आहेत." मागची बाई परत बोलली. "सगळ्या मजेत आहोत, मावशी. ठेवते."

फोन बंद झाला. मावशी खुर्चीत बसून राहिली. आपली खूण पोरीने केली, ती मिळाली, हे तिला कळलं. पण त्या तुटलेल्या 'आ'चं काय? पोर सवयीने आत्या म्हणायला निघाली होती आणि तिला अडवलं होतं. म्हणजे फोनवर आत्या म्हणायचं नाही, हे तिकडच्या त्या बाईला ठाऊक होतं. वर्गातलं सगळं तिथवर पोहोचलं होतं. मग इतकी वर्षं ज्या ज्या पोरींनी तिला मावशी म्हटलं, हसून, लाडाने, ज्यांचे फोन तिने सगळ्यांना ऐकवले, त्यांतल्या किती जणींच्या मागे अशीच कुणी बाई उभी होती? कुणीतरी दारातून मुतारी कुठे आहे असं विचारलं, आणि तिने हात करून दाखवलं.

तशीच ती ताईच्या घरी गेली. ताई दारात भाजी निवडत बसली होती. मावशीला तिचा गळा धरायचा होता, पण वाटेतच तिला कळून चुकलं होतं की आपल्याला काही कळलंय हे दाखवायचं नाही. इथून शब्द गेला तर तिथे मार पोरीला बसेल. म्हणून ती पायरीवर बसली आणि तिनेही भाजी निवडायला घेतली.

"पोरीचा फोन आला होता," ती म्हणाली.

"काय म्हणते?"

"मजेत आहे म्हणते. घर बदललं म्हणे. नवा पत्ता असेल तर द्या, वहिनी विचारतात."

"पत्ता मला नाही सांगत हो ते. एकदा पोर पोहोचली की माझं काम संपलं." ताई खाली बघूनच बोलत होती. "एजन्सीवाल्यांना विचारा."

"आणि तुमची मुलगी काय म्हणते?"

ताईचे हात थांबले. तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मजेत आहे म्हणते. मावशी, तिकडचे लोक मला विचारतात, वर्गात काय काय शिकवतात म्हणून. माझी पोर त्यांच्याच हातात आहे. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

मावशीला तिचा मनापासून द्वेष करायचा होता. तेवढंही तिला नीट जमलं नाही. निवडलेली भाजी ताटात ठेवून ती उठली.

मॅडमना मात्र तिने सगळं सांगितलं. मॅडमचे डोळे भरून आले, आणि त्यांनी त्याच दिवशी वकिलातीला कळवलं. वकिलातीने एजन्सीला विचारलं. एजन्सीने पोरीलाच फोनवर आणलं, आणि पोरीने वकिलातीतल्या साहेबांना सांगितलं की मी मजेत आहे, घर माझ्याच मर्जीने बदललं, माझी काही तक्रार नाही. साहेबांनी तसं लिहून पाठवलं. "आता मी कशाच्या आधारावर पुढे जाऊ?" मॅडम म्हणाल्या. "ती तुम्हाला मावशी म्हणाली, एवढंच आहे आपल्याकडे." हवालदाराकडे गेली तर त्याने टोपी काढली आणि बराच वेळ हातात फिरवत बसला. तो या वेळी हसला नाही. पण त्यालाही तक्रारीत काय लिहायचं ते सुचलं नाही, कारण मावशीला मावशी म्हणणं हा काही गुन्हा नव्हता.

त्या चौकशीनंतर पोरीचा फोन कितीतरी दिवस आला नाही. चौकशी आपण केली आणि भोगतेय ती, हा विचार मावशीच्या डोक्यातून जाईना. वर्ग चालूच होता, बंद केला तर शिक्के अडतील आणि पोरी शिक्क्याशिवाय जातील. ती अजूनही बोटं दाखवायची, पासपोर्टचं सांगायची, नंबर घोकून घ्यायची. शेवटची गोष्ट तिने सोडून दिली. मागच्या बाकावरची ताई पुडा हातात घेऊन वाट बघायची, पण मावशी फळा पुसायला घ्यायची. नवी खूण शोधावी म्हटलं तर ती सांगायची कुठे, आणि कुणासमोर? अधूनमधून जुन्या पोरींचे फोन येत. "मावशी, मी मजेत आहे." ती फोन स्पीकरवर लावत नसे. "बरं बाळा," म्हणायची आणि समोरून फोन ठेवेपर्यंत कानाला धरून ठेवायची.

एका रविवारी संध्याकाळी घरी फोन वाजला, आत्याने उचलला. वहिनी खिडकीपाशी मशीनवर होती. तिने आवाज ओळखला आणि मशीन सोडून धावलीच. "स्पीकरवर लावा हो, स्पीकरवर लावा."

"मावशी," भाची म्हणाली, "मी मजेत आहे. आईला सांग."

"अगं, आई इथेच आहे," वहिनी म्हणाली. "कुठे होतीस इतके दिवस? जेवतेस ना वेळेवर?"

"हो."

"काम जड नाही ना पडत?"

"नाही."

"म्हातारी बरी आहे?"

"बरी आहे," भाची म्हणाली. "ठेवते आता. मावशी, ठेवते."

वहिनीने डोळे पुसले. तिचा चेहरा कधी नव्हे इतका निवांत झाला होता. "आवाज बसलाय जरा. गार पाणी पीत असेल, इथेही ऐकायची नाही." ती परत मशीनवर जाऊन बसली, दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि सुईचं छिद्र शोधायला लागली. मग थांबली. "पण काय हो वन्सं, ही तुम्हाला हल्ली मावशी का म्हणते?"

"सगळेच म्हणतात," आत्या म्हणाली. "तिलाही सवय लागली असेल."

"म्हणून काय झालं? सख्ख्या आत्याला मावशी म्हणतं का कुणी? माझ्या कानाला कसंतरीच लागतं." वहिनी सुई उजेडाकडे धरून डोळे बारीक करत होती. "पुढच्या फोनला चांगली ओरडा तिला. म्हणावं, आत्याच म्हण."

"सांगते," आत्या म्हणाली, आणि वहिनीच्या हातातून सुई घेऊन दोरा ओवायला बसली.